रुपाबाईनं हातावर बिब्बा लावला

मेडशीत कोणाच्या अंगावर फोड उठला, की माणूस आधी रुपाबाईच्या अंगणात येई आणि मग जमलं तर दवाखान्यात जाई. दवाखाना हाकेच्या अंतरावर होता, डॉक्टर शिकलेला होता, औषध फुकट होतं, तरीही. कारण गावातले दहांतले नऊ फोड बिब्ब्याचे असत, आणि बिब्ब्याच्या बाबतीत रुपाबाईचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ होती. ती फोडाला हातसुद्धा लावत नसे. दोन पावलांवरून पाही, नाक आक्रसे आणि सांगे, हा परवाचा आहे, खोबरं चावून लाव, आठ दिवसांत खपली पडेल. आठ दिवसांत खपली पडायचीच. मग त्या माणसाला डॉक्टरकडे जायची गरज उरत नसे आणि रुपाबाईचा तोरा थोडा वाढत असे. तिला तोरा होता, हे कशाला लपवायचं?

बिब्बा म्हणजे जंगलातल्या झाडाचं काळं, गुळगुळीत, बदामाएवढं फळ. त्याच्या टरफलात काळं चिकट तेल असतं. ते कातडीला लागलं की आधी खाज, मग आग, मग पाणी भरलेला टरारून आलेला फोड. लोक म्हणतात, बिब्बा उतला. त्याच टरफलाच्या पोटात गोडंबी असते, पांढरी आणि गोड, हिवाळ्यात डिंकाच्या लाडवात घालतात ती. लाडू खाणाऱ्यांना गोडंबी तेवढी ठाऊक असते. बिब्बा ठाऊक असतो तो फोडणाऱ्या बायांना. पंजाबराव नावाचा व्यापारी पोती आणून टाकी आणि मेडशीच्या बाया अंगणात बसून ती फोडत. हाताला तेल चोळायचं, वरून चुलीतली राख फासायची, बिब्बा दगडावर उभा धरायचा आणि वरून दुसऱ्या दगडाचा एकच घाव. घाव हलका पडला तर फुटत नाही, जड पडला तर गोडंबीचा चुरा होतो आणि तेलाची चिळकांडी थेट डोळ्यात जाते. रुपाबाईचा घाव वीस वर्षांत हलकाही पडला नव्हता आणि जडही.

नवरा देवमन गेला तेव्हा मुलगा इंद्रभान चौथीत होता. रुपाबाईनं त्याला मॅट्रिकपर्यंत शिकवलं ते याच दगडावर. तो जवळच्या मालेगावच्या शाळेत शिपाई झाला, सकाळच्या एस.टी.नं जाऊन संध्याकाळच्या एस.टी.नं परत येऊ लागला, आणि पंचाहत्तर साली तिनं त्याचं लग्न लावून दिलं. सून आणली शिरपूरची, भिवाजीची मुलगी भागिरथा. भिवाजी म्हणजे तीन एकर कोरडवाहू आणि शब्दाला पक्का माणूस. पोरगी बापासारखी सरळ होती, पण बापासारखी गंभीर नव्हती. सासूची नक्कल सासूसमोरच करायची तिची हिंमत होती, आणि ती नाक आक्रसून दाखवायला लागली की रुपाबाई लटकंच रागवे. दोन महिन्यांत पोरगी बिब्बा फोडायला शिकली.

शहात्तरच्या हिवाळ्यात भागिरथाचं तोंड आलं. सुरुवातीला जिभेखाली एक फोड, मग गालाच्या आतून दोन. भाकरीचा कोरडा घास गिळताना तिच्या डोळ्यांत पाणी येई. रुपाबाईनं तिला अंगणात उजेडात बसवून तोंड उघडायला लावलं, आत पाहिलं आणि हसली. तिला वाटलं, सापडली चोर. हात न धुता गोडंबी तोंडात टाकली असणार पोरीनं, तेल आत लागलं असणार. नव्या बायांना हे होतंच. भागिरथा म्हणाली, मी एकही गोडंबी खाल्ली नाही. रुपाबाई म्हणाली, खाल्ली तर खाल्ली, खोटं कायले बोलतं? पोरगी उठून चुलीकडे गेली. त्यानंतर ती सासूची नक्कल करीनाशी झाली, पण रुपाबाईच्या ते ध्यानात यायला फार दिवस लागले.

महिन्याभरात फोड अंगावर उतरले. छातीवर, पाठीवर, कमरेला लुगड्याच्या गाठीपाशी. रुपाबाईनं खोबरं आणि तीळ वाटून लावले. लोणी लावलं. फरक पडेना, तेव्हा ती स्वतः सुनेला घेऊन गावातल्या दवाखान्यात गेली. डॉक्टर नवा होता, तरुण, वर्‍हाडी समजायला अजून धडपडणारा. त्यानं विचारलं, काय झालं? भागिरथानं तोंड उघडायच्या आधीच रुपाबाईनं सांगून टाकलं, बिब्बा उतला, आमचं कामच बिब्ब्याचं. डॉक्टरनं मान डोलावली. सगळी मेडशी ज्या बाईला फोडाबद्दल विचारते तीच सांगते आहे म्हटल्यावर त्यानं तरी कशाला जास्त खोदून पाहावं? त्यानं मलम दिलं, बिब्ब्यापासून दूर ठेवा म्हणाला. भागिरथाचा पदर खांद्यावरून बाजूला झालाही नव्हता.

रुपाबाईनं सांगितलेलं पथ्य मनावर घेतलं, आणि एकदा मनावर घेतलं की ती मागे पाहणारी नव्हती. पंजाबरावाची चार पोती तिनं परत पाठवली. दगड उचलून नाल्यात टाकले. अंगण सारवलं, भिंती पांढऱ्या मातीनं पोतारल्या, स्वतःची आणि सुनेची कामाची लुगडी जाळली. वीस वर्षांत पहिल्यांदाच त्या अंगणात घावाचा आवाज बंद झाला. आता पोरगी बरी होते की नाही बघ, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिली.

पोरगी बरी झाली नाही. बिब्बा घरातून जाऊन दीड महिना झाला तरी रोज सकाळी तिच्या अंगावर नवे फोड असत. तोंडातले इतके वाढले की ती पातळ कण्या तेवढ्या गिळू शके, त्याही थंड करून. अंगाखाली घातलेलं लुगडं पाठीला चिकटे आणि सोडवताना कातडीच सोबत येई. शेजारची धनीबाई, मनानं चांगली पण जिभेला हाड नसलेली, म्हणाली की एका भगताला दाखवावं, कोणीतरी काही केलेलं असेल. रुपाबाईनं तिला तिथंच थांबवलं. छप्पन साली नवऱ्यासोबत नागपूरला दीक्षा घेताना जे सोडून आलो ते सुनेच्या नावानं घरात घेणार नाही, असं तिनं स्पष्ट सांगितलं. धनीबाई गेली. पण मग हे आहे तरी काय, हा प्रश्न तिच्यासोबत गेला नाही. तो रुपाबाईच्या ओट्यावरच बसून राहिला.

गावात आता वेगळीच कुजबुज होती. वीस वर्षं बिब्बा फोडलेलं घर, बिब्बा त्या मातीत मुरलाय, सुनेला तो खाणारच. ही गोष्ट शिरपूरला पोचली आणि भिवाजी आला.

त्यानं मुलीला पाहिलं. हसरी पोर दिली होती, समोर हाडांचा सापळा पालथा पडलेला. मग त्यानं सांगितलं की मी पोरीला घेऊन चाललो. त्याच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे रुपाबाईला ते जास्त लागलं. तो म्हणाला, "इनबाई, तुमी काही मुद्दाम केलं नाही, मले समजते. पन या घरात बिब्बा हाय आन् बिब्ब्यानं माही पोरगी मरून राह्यली. तिथं नेऊन खोबरं-तीळ लावीन. राह्यली तं राह्यली."

खोबरं-तीळ. रुपाबाईनं ते शब्द ऐकले. तीन महिने ती स्वतः तेच करत होती. शिरपूरला नेऊन हा बाप तेच पुढे चालवणार, मोठ्या प्रेमानं, आणि पोरगी त्याच प्रेमात संपणार. पहिल्यांदाच तिनं सुनेच्या पाठीकडे नाक न आक्रसता पाहिलं, आणि जणू कोणा परक्या गावच्या बाईची पाठ पाहावी तशी पाहिली. बिब्ब्याचा फोड टरारलेला असतो, हा ढिला होता, कातडीची रिकामी पिशवी असावी तसा. बिब्ब्याच्या फोडाभोवती कातडी काळी पडते, सुजते. इथं भोवतालची कातडी साधी होती. बिब्ब्याला खाज सुटते, माणूस झोपू शकत नाही. तिनं भागिरथाला विचारलं, खाजवते का व? भागिरथानं मान हलवून नाही म्हटलं. मग किती दिवसांपासून खाजवत नाही? भागिरथा कशीबशी म्हणाली, "कधीच नाई खाजवलं, आत्याबाई. दुखतेच फक्त."

कधीच नाही. म्हणजे पहिल्या दिवशी विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. वीस वर्षं शहाणपण मिरवलं आणि घरातल्या पोरीला एवढं एक विचारलं नाही. रुपाबाईला स्वतःची इतकी चीड आली की तिला डोकं भिंतीवर आपटावंसं वाटलं. पण डोकं आपटून भिवाजी पटणार नव्हता. त्याला डोळ्यांनी दाखवायला हवं होतं, आणि खरं सांगायचं तर तिलाही अजून खात्री हवी होती. आपण एकदा चुकलो ते पुन्हा चुकत नाही कशावरून?

तिनं धनीबाईच्या घरून एक बिब्बा मागून आणला. भिवाजी ओट्यावर बसला होता. त्याच्यासमोर तिनं बिब्बा सुईनं टोचला, चुलीच्या निखाऱ्यावर धरला, आणि तेलाचा थेंब बाहेर आला तसा आपल्या डाव्या हातावर, कोपराच्या खाली, नितळ कातडीवर घासला. राख नाही, तेल नाही, काही नाही. तो ओरडून उठला, हे काय करता म्हणून. रुपाबाई म्हणाली, "बसा इवाईबुवा. आठ दिस थांबा. हा माह्या हातावरचा बिब्बा हाय, आन् थो तुमच्या पोरीच्या अंगावरचा. दोनी पाह्यत राहा. सारखे निघाले तं पोरगी घेऊन जा, मी आडवी येनार नाही. वायले निघाले तं मी म्हनीन तिथं चालाव लागन."

भिवाजी शब्दाला पक्का, हे आधी सांगितलंच आहे. तो थांबला.

दुसऱ्या दिवशी रुपाबाईचा हात खाजू लागला. तिसऱ्या दिवशी सुजला, लाल झाला, चौथ्या दिवशी करवंदाएवढे तीन फोड टरारून उभे राहिले आणि भोवतालची कातडी काळवंडली. आग इतकी होती की तिला भाकरी थापता येईना. भिवाजीनंच चूल पेटवली. व्याह्यानं विहिणीच्या घरी भाकरी थापायची हे मेडशीनं कधी पाहिलं नव्हतं, आणि बायांनी ते कुंपणावरून मनसोक्त पाहून घेतलं. रोज सकाळी तो आधी रुपाबाईचा हात पाही, मग मुलीची पाठ. रुपाबाईच्या हातावरचे फोड पहिल्या दिवशी बिब्बा लावला तिथंच होते, बोटभरही पुढं सरकले नव्हते. भागिरथाच्या अंगावर मात्र रोज नव्या जागी नवा फोड. पाचव्या दिवशी रुपाबाईचे फोड फुटून सुकायला लागले. त्याच दिवशी भागिरथाच्या मांडीवर, जिथं बिब्बा सोडा, कधी वारासुद्धा लागला नव्हता, तिथं दोन फोड उठले आणि तिला ताप भरला.

आठ दिवस पुरे व्हायची वाट कोणी पाहिली नाही. सहाव्या दिवशी सकाळी भिवाजी म्हणाला, "इनबाई, हे बिब्बा नोहे. कुठं जाचं सांगा." रुपाबाई म्हणाली, आधी दवाखान्यात, माझी तिथली चूक निस्तरायची आहे.

डॉक्टरसमोर तिनं या वेळी तोंड मिटून ठेवलं. त्यानं नेहमीसारखं विचारलं, काय झालं? तिनं फक्त आपला डावा हात पुढे केला, भागिरथाच्या पाठीवरचं पातळ हळूच बाजूला केलं आणि म्हणाली, "पह्यले पाहा. मंग इचारा." डॉक्टरनं पाहिलं. हातावरचं पाहिलं, पाठीवरचं पाहिलं, बॅटरी घेऊन तोंडात पाहिलं. मग त्यानं पाठीवरच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीवर अंगठा दाबून जरासा सरकवला, आणि अंगठ्याबरोबर वरची कातडी सरकली. त्याचा चेहरा उतरला. तो म्हणाला की मागच्या खेपेला मी हे करायला हवं होतं. रुपाबाई म्हणाली, तुमी केलं असतं, मी करू दिलं नाही. त्यानं नागपूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यासाठी चिठ्ठी लिहिली आणि आजच्या आज निघा म्हणून सांगितलं. दुपारच्या गाडीनं ते तिघं आणि इंद्रभान असे चौघं अकोल्याला गेले आणि तिथून रेल्वेनं नागपूरला. एस.टी.त भागिरथाला पाठ टेकता येईना. पातूरच्या घाटातली सगळी वळणं ती इंद्रभानच्या खांद्यावर कपाळ टेकून बसली.

नागपूरच्या कातडीच्या डॉक्टरीण बाई वयानं मोठ्या होत्या, आवाज बारीक, पण वॉर्डात आल्या की खाटांवरची चादरसुद्धा नीट होई. त्यांनी भागिरथाच्या एका फोडाच्या कडेचा तिळाएवढा तुकडा काढून तपासायला पाठवला. रुपाबाईचा हातही त्यांनी उलटसुलट पाहिला, आणि तो का भाजला ते ऐकल्यावर शिकाऊ डॉक्टरांना बोलावून पुन्हा एकदा सांगायला लावलं. फोड कशानं येतो, असं त्यांनी मुलांना विचारलं. मुलं सांगू लागली: भाजल्यानं, बिब्ब्यासारख्या झाडांच्या तेलानं, किड्यांच्या रसानं, कांजण्या आणि नागिणीसारख्या रोगांनी, एखाद्याला एखादी गोळी न मानवल्यानं. बाई म्हणाल्या, हे सगळं बाहेरून येतं. आतून येतं ते कोणी सांगितलं नाही.

मग त्या रुपाबाईच्या बाजूला बसल्या आणि तिला समजेल अशा शब्दांत सांगितलं. कातडीचे थर एकमेकांना धरून असतात, विटा चिखलानं धरून असतात तसे. शरीरात रोगजंतूंशी लढणारे राखणदार असतात. या मुलीचे राखणदार आपला-परका ओळखेनासे झाले आहेत आणि ते तो चिखलच पोखरताहेत. म्हणून थर सुटतात, मध्ये पाणी भरतं, फोड येतो. बहुतेकदा पहिला तोंडात येतो. हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही, कोणाच्या कामानं होत नाही, कोणाच्या करणीनं होत नाही. राखणदार असे का बिथरतात ते अजून आम्हालाही नीट कळलेलं नाही. रुपाबाईला त्या शेवटच्या वाक्याचा फार आधार वाटला. एवढी शिकलेली बाई माहीत नाही म्हणू शकते, आणि आपण मात्र अंगणात बसून दोन पावलांवरून सगळं सांगत होतो.

तिनं विचारलं, "बाई, वाचन का?" डॉक्टरीण बाईंनी लपवलं नाही. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी हा रोग झालेली माणसं सहसा वाचत नसत, आता गोळ्या निघाल्या आहेत, बरीच वाचतात. पण आणखी पंधरा दिवस घरी काढले असते तर मला एवढंही म्हणता आलं नसतं, असं त्या म्हणाल्या.

पुढचे दोन महिने रुपाबाईनं वॉर्डात काढले. चादर अंगाला चिकटते म्हणून भागिरथाला केळीच्या पानांवर निजवायचं होतं आणि पानं रोज ताजी लागत. दवाखान्याला कोण कुठून रोज पानं पुरवणार? रुपाबाई सकाळी उजाडताच बाहेर पडे आणि ओळख ना पाळख, बंगल्यांच्या फाटकांवर उभी राहून पानं मागे. काहींनी हाकललं, काहींनी भिकारीण समजून शिळी पोळी पुढे केली. तिनं पोळी नम्रपणे परत केली आणि केळीकडे बोट दाखवलं. आठवड्याभरात चार घरं पक्की झाली. पानं धुवायची, पुसायची, तेलाचा हात फिरवायचा आणि पोरीच्या अंगाखालची वाळलेली पानं कातडी न ओढता काढून घ्यायची. हे काम तिनं कोणा नर्सला करू दिलं नाही. वीस वर्षं एकाच मापाचा घाव घालणारा हात होता तो. आता त्याला घावच पडू द्यायचा नव्हता.

दुसऱ्या आठवड्यात फोड थांबायच्या ऐवजी वाढले. ताप चढला, भागिरथा बरळू लागली. बाईंनी गोळ्या वाढवल्या आणि इंद्रभानला बाजूला नेऊन काहीतरी सांगितलं, ते ऐकून तो जिन्यात बसून रडला. रुपाबाई रडली नाही. ती भागिरथाच्या कानाशी वाकून बोलत बसली, शिरपूरच्या शेताबद्दल, धनीबाईबद्दल, व्याह्यानं थापलेल्या जाड भाकरीबद्दल. आणि एकदा, आजूबाजूला कोणी नाही असं पाहून, तिनं सांगितलं की तू गोडंबी खाल्ली नव्हती, मला कळलंय, मी तुला उगाच खोटी ठरवली. भागिरथाला ते ऐकू आलं की नाही ते तिला कळलं नाही.

चौथ्या आठवड्यात एका सकाळी रुपाबाईनं पाठ पाहिली आणि एकही नवा फोड सापडला नाही. तिनं पुन्हा पाहिलं. नर्सला बोलावून तिलाही पाहायला लावलं. दुसऱ्या दिवशीही नव्हता, तिसऱ्याही दिवशी नव्हता. तोंडातले व्रण भरत आले आणि भागिरथानं आधी दूध-भात, मग पोळीचा मऊ कुस्करा गिळला. गोळ्यांनी तिचा चेहरा सुजून वाटोळा झाला होता, पण त्या चेहऱ्यात आता पोरगी होती. ज्या दिवशी तिनं, बऱ्याच महिन्यांनी, नाक आक्रसून केळीच्या पानाचा वास येतो म्हटलं, त्या दिवशी मात्र रुपाबाई वॉर्डाच्या न्हाणीघरात जाऊन नळ सोडून पोटभर रडली.

घरी सोडायच्या दिवशी डॉक्टरीण बाईंनी सगळ्यांना समोर बसवलं. रोग दबला आहे, गेला नाही, असं त्यांनी बजावलं. गोळ्या कित्येक वर्षं घ्याव्या लागतील, फार हळूहळू कमी करायच्या, त्याही इथं येऊन दाखवून. बरं वाटलं म्हणून एक दिवस जरी आपल्या मनानं बंद केल्या तरी जिवावर बेतू शकतं. म्हणून घरात कोणीतरी एकानं ही जबाबदारी घ्यायची. कोण घेणार?

भिवाजी लगेच म्हणाला की मुलगी शिरपूरला येईल, मी स्वतः गोळ्या देईन. माहेर होतं, बाप होता, कोणाला नाही म्हणता येण्यासारखं नव्हतं. इंद्रभाननं आईकडे पाहिलं. रुपाबाई उभी राहिली. तिनं सुनेवर हक्क सांगितला नाही. ती म्हणाली, "इवाईबुवा, बाईनं सांगतलं का हा रोग कोनाच्याच पायी होत नाही. खरं हाय. रोगाचा दोष कोनाचाच नाही. पन उशीर झाला थो माह्या पायी झाला. डाक्टरनं पोरीले इचारलं आन् जवाब म्या देल्ला. तवा तिले कुठं जाचं थे मी सांगनार नाही. तिलेच इचारा, आन् या टायमाले तिलेच सांगू द्या."

भागिरथा खाटेच्या कडेला बसली होती. बोलताना अजून तिचे ओठ ताणत, म्हणून ती शब्द बेतानं काढी. तिनं आधी बापाकडे पाहिलं, मग सासूकडे.

"बाबा, मी मेडशीलेच जातो," ती म्हणाली. "तुमी गोळी देसान, पन मी बरी दिसली का तुमचं मन पघळन, म्हनसान राहू दे आज. ह्या एकदा चुकल्या हायेत. आता ह्या माही एक गोळी चुकू देनार नाही."

भिवाजी उठला आणि गोळ्यांची बाटली त्यानं स्वतःच्या हातानं रुपाबाईच्या हातात दिली. रुपाबाईनं ती पदराच्या गाठीत बांधली. दुपारच्या गाडीला अजून वेळ होता, पण ते लगेच निघाले.